थीबच्या थडग्यांतली भित्तिचित्रं: गिलाव्यापासून शेवटच्या रेषेपर्यंत

ओळंबा

इजिप्तच्या थडग्यांवर मराठीत जे वाचायला मिळतं त्यात देव कोण, राणी कुणाची, शाप खरा की खोटा एवढंच असतं. भिंत कशी तयार झाली यावर दोन ओळी सापडत नाहीत. म्हणून हा धागा फक्त कारागिरीचा. हद्दही आखून घेऊ: लक्सरसमोरचा (म्हणजे जुन्या थीब शहरासमोरचा) नाईलचा पश्चिम काठ आणि नवराज्याचा काळ, म्हणजे ढोबळमानाने इसवी सनपूर्व १५५० ते १०७०.

सुरुवात खडकापासून. थीबचा डोंगर चुनखडीचा आहे, पण सगळीकडे सारखा नाही. चांगल्या थरातला दगड घट्ट आणि बारीक कणांचा असतो, त्यात छिन्नीने थेट उठाव काढता येतो. रामोसेच्या थडग्यातले (टीटी ५५, म्हणजे थीबच्या थडग्यांतला क्रमांक ५५) उठाव असे आहेत. इतर ठिकाणी भेगा, गारेच्या गाठी, ठिसूळ पट्टे. आणि तळाशी एस्ना शेल नावाचा मातकट थर, तो ओल लागली की फुगतो आणि वरचा दगड उचलून फोडतो. थडगं कुठल्या थरात खोदलं यावरूनच चित्राची जात ठरते. दगड चांगला असेल तर कोरून रंगवायचं, वाईट असेल तर गिलावा करून सपाट रंगवायचं. बहुतेक अधिकाऱ्यांची थडगी (मेन्ना, नख्त, नेबामुन) या दुसऱ्या प्रकारातली. नेफरतारीच्या थडग्यात तिसरा मार्ग दिसतो: दगड खराब, पण राणीच्या भिंतीवर उठाव तर हवा, म्हणून जाड गिलावा चढवून त्या गिलाव्यातच उठाव काढला.

गिलाव्याचे थर साधारण असे.

आधी भोकं आणि भेगा दगडाच्या कपच्या व गिलाव्याने बुजवायच्या. मग मातीचा थर: नाईलचा गाळ किंवा डोंगरपायथ्याची चुनकट चिकणमाती, त्यात बारीक तोडलेला पेंढा. भिंत जितकी खडबडीत तितका हा थर जाड, त्यामुळे एकाच भिंतीवर तो काही मिलिमीटरांपासून काही सेंटीमीटरांपर्यंत बदलतो. त्यावर जिप्समचा पांढरा, अगदी पातळ हात. रंग बसतो तो या हातावर.

पेंढा कशासाठी? नुसता गाळ वाळताना आकसतो आणि जाळीसारख्या भेगा पडतात. पेंढा ते आकसणं सगळीकडे वाटून देतो. तो कमी पडला तर भेगा, जास्त झाला तर पृष्ठभाग भुसभुशीत राहून वरचा पांढरा हात सुटतो. दगडावरची धूळ झाडली नसेल तर गिलावा वरून ठीक दिसतो, बोटाने ठोकला की मात्र पोकळ वाजतो.

जिप्समच का, चुना का नाही, याला कारण सरपणाचं. जिप्सम १३० ते १५० अंशांना भाजला की त्यातलं पाऊण पाणी निघून जातं आणि भुकटी पाण्यात कालवल्यावर पुन्हा घट्ट होते. चुन्याची भट्टी ९०० अंशांच्या आसपास न्यावी लागते, आणि इजिप्तमध्ये लाकडाची कायमच टंचाई. जिप्सम जास्त तापवला तर मात्र तो ‘मरतो’, पाणी घातलं तरी धरत नाही.

---

भुईचाफा

म्हणजे हे फ्रेस्को नव्हे? पर्यटनाच्या प्रत्येक माहितीपत्रकात फ्रेस्कोच लिहिलेलं असतं.

---

तळटीप

नाही. फ्रेस्कोत ओल्या चुन्यावर रंग लावतात. हवेतला कार्बन डायॉक्साइड घेऊन चुना दगड होतो आणि रंगाचे कण आत अडकतात. वेगळा डिंक लागत नाही. थीबमध्ये गिलावा पूर्ण वाळल्यावर रंग लावला जाई, आणि रंग भिंतीला धरून ठेवतो तो डिंक किंवा सरस. नेफरतारीच्या थडग्यातल्या रंगांत बाभूळवर्गातल्या झाडाचा डिंक ओळखला गेला आहे. आपल्याकडची बाभूळ नाईलकाठीही वाढते, तिच्या शास्त्रीय नावातच नाईल आहे.

परिणाम उघड आहे: डिंक पाण्यात विरघळतो. असं चित्र ओल्या फडक्याने पुसलं तर रंग फडक्यावर येतो. एकोणिसाव्या शतकात नक्षीचा ठसा घेण्यासाठी ओला कागद भिंतीवर थापायची पद्धत होती. कागद वाळला, सोलला, की रंग सोबत गेला. सेती पहिला या फारोच्या थडग्यात (बेल्झोनीने १८१७ मध्ये उघडलेलं) कित्येक भिंती आज पांढुरक्या दिसतात, त्यात अशा ठशांचा वाटा मोठा आहे.

अजिंठ्याबद्दल कुणी विचारायच्या आत: तिथेही खरं फ्रेस्को नाही. मातीचा गिलावा, त्यात वनस्पतींचे तंतू, वर चुन्याचा पातळ हात आणि वाळल्यावर रंग. तत्त्व जवळपास तेच. निळा मात्र वेगळा. अजिंठ्यात बाहेरून आणलेला लाजवर्द हा निळा दगड, तर थीबमध्ये भट्टीत बनवलेला निळा.

---

समासरेषा

आखणीवर लिहितो.

भिंत तयार झाली की गेरूच्या पाण्यात भिजवलेली दोरी दोन टोकांना ताणून धरायची, मध्ये चिमटीत उचलून सोडायची. सरळ रेघ उमटते आणि दोन्ही बाजूंना बारीक शिंतोडे उडतात. शिंतोडे दिसले की ती रेघ दोरीची. पट्टी धरून ओढलेल्या रेघेला ते नसतात. आपले गवंडी आजही दोरी अशीच मारतात. अशा आडव्या-उभ्या रेघांनी भिंतीवर चौकोन पाडायचे आणि आकृती त्यांच्या मापात बसवायची.

उभ्या पुरुषाच्या आकृतीला तळपायापासून कपाळावरच्या केसांच्या रेषेपर्यंत १८ चौकोन. डोक्याच्या माथ्यापर्यंत का नाही? कारण वर टोप, मुकुट, पिसं काहीही येऊ शकतं आणि उंची बदलते. केसांची रेषा बदलत नाही. महत्त्वाच्या खुणा अशा (तळपायापासून कितव्या चौकोनाच्या रेघेवर):

गुडघा ६
नितंबाची खालची कड ९
बेंबी साधारण ११
कोपर (हात खाली सोडलेला असताना) १२
मान आणि खांदा मिळतात तिथे १६
केसांची रेषा १८

बसलेल्या आकृतीला १४ चौकोन, कारण मांड्या आडव्या होतात. पुरुषाचे खांदे सुमारे ६ चौकोन रुंद, स्त्रीचे ४ ते ५. शिवाय स्त्रीच्या कमरेचा बाक किंचित वर. एक चौकोन म्हणजे त्या आकृतीची एक मूठ. तळपाय ते केसांची रेषा ९० सेंमी हवी असेल तर चौकोन ५ सेंमीचा. एकाच भिंतीवर मोठ्या आणि लहान आकृत्यांचे चौकोन वेगळे असू शकतात. नोकरचाकर, जनावरं, गर्दी यांना तर पुष्कळदा चौकोन आखलेलेच नसतात, नुसत्या हाताने काढलेली असतात. माझ्या मते थीबमधली सगळ्यात जिवंत चित्रं याच चौकोन नसलेल्या कोपऱ्यांत आहेत.

अखेनातेन या फारोच्या काळात १८ चे २० झाले. मान-चेहऱ्यात आणि धडात जागा वाढली, त्या लांबट आकृत्या तिथून आल्या. तुतनखामुनच्या दफनकक्षात ही सरमिसळ पाहायला मिळते: दक्षिण भिंत जुन्या १८ च्या मापात आणि उत्तर भिंत २० च्या. पुढे कित्येक शतकांनी, शेवटच्या राजवंशांच्या काळात, माप पुन्हा बदललं: वरच्या पापणीपर्यंत २१.

नकला तपासणाऱ्यांसाठी एक सूचना. आकृतीवर १८ चौकोन बसत नाहीत म्हणून ती खोटी ठरत नाही. आधी माप नीट घेतलंय का बघा. लोक मुकुटासकट मोजतात आणि मग गोंधळतात.

---

भुईचाफा

हे चौकोन रंगाखाली झाकले जात असतील ना? मग आपल्याला कळलं कसं?

---

समासरेषा

अर्धवट राहिलेल्या थडग्यांमुळे. होरेमहेब या फारोचं थडगं (केव्ही ५७, म्हणजे राजांच्या खोऱ्यातला क्रमांक ५७; १९०८ मध्ये सापडलं) या बाबतीत सोन्याची खाण आहे. राजा गेला की काम थांबवून दफनाची तयारी करावी लागे, त्यामुळे तिथे दफनकक्षात सगळे टप्पे गोठून राहिलेत: कुठे लाल चौकोन आणि लाल कच्ची रेषा, कुठे त्यावर मुख्य चित्रकाराची काळी दुरुस्ती, कुठे छिन्नी फिरायला लागलेली, कुठे उठाव पुरा पण रंग नाही. सेती पहिल्याच्या थडग्यातही खांबांची एक आख्खी खोली फक्त रेखाटनावर राहिली आहे. लाल रेषेत खांदा एके ठिकाणी, काळ्या रेषेत बोटभर सरकलेला. लाल चाचपडते, काळी एका झटक्यात जाते.

रंग पुरा झालेल्या ठिकाणीही आता आत डोकावता येतं. मेन्नाच्या थडग्यात थडग्यात नेता येणाऱ्या क्ष-किरण उपकरणाने मूलद्रव्यांचे नकाशे काढले, त्यात मेन्नाच्या आकृतीतल्या हाताची आधीची जागा रंगाखाली दिसली. हे संशोधन २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं.

---

नीलचूर्ण

रंग. ज्यांना मराठी नावं आहेत ती आधी: गेरू (लाल), पिवळी माती, हरताळ (झळाळता सोनेरी पिवळा), मनशीळ (नारिंगी), काजळी आणि कोळसा. पांढऱ्याला जिप्सम, चुनखडीची पूड किंवा हंटाइट. हे मॅग्नेशियमयुक्त खनिज, बाकीच्यांपेक्षा लख्ख आणि मऊ, म्हणून तलम कपड्यांसाठी खास.

हरताळ आणि मनशीळ दोन्ही आर्सेनिकची सल्फाइडं. उजेडात मनशीळ पिवळी पडत जाते आणि हरताळ फिकट होत पांढरट होतो. थडगं अंधारात असेतो ठीक, दिवे लावून पर्यटक सोडले की हे आधी जातात. काही भिंतींवर मातीचा पिवळा खणखणीत आणि शेजारचा ‘सोन्याचा’ पिवळा मेलेला दिसतो, तो यामुळे.

आता निळा. लाजवर्द महाग आणि तोही अफगाणिस्तानातून यायचा, म्हणून त्यांनी निळा बनवला. कॅल्शियम-तांबे सिलिकेट. शुद्ध स्फटिकाचा हिशेब वजनाने: सिलिका सुमारे ६४ टक्के, चुना १५, तांब्याचा ऑक्साइड २१. कच्चा माल म्हणजे वाळू, चुनखडी, तांब्याचं खनिज किंवा धातूचा भंगार, आणि वितळायला मदत म्हणून थोडा नेट्रॉन (नैसर्गिक सोड्याचा क्षार) किंवा वनस्पतीची राख. नवराज्यातल्या निळ्यात कथीलही सापडतं, म्हणजे काशाचा भंगार वापरला होता.

भट्टी ८५० ते १००० अंश, आणि तासन्‌तास. चुका बहुतेक या चार जागी होतात:

हवा कमी पडली तर तांबं नीट ऑक्सिडाइज होत नाही, निळ्याऐवजी लालसर-काळपट ढेकूळ निघतं.

ताप फार वाढला, १०५० च्या पुढे, तर तयार झालेला निळा स्फटिक मोडतो.

क्षार जास्त झाला तर काच वाढते आणि रंग हिरवट फिरोजी होतो. हा प्रकार मुद्दामही करत, ‘इजिप्शियन हिरवा’ त्याच घराण्यातला.

वाळू जाड राहिली तर ती पूर्ण मुरत नाही. मग ढेकूळ दळून पुन्हा भाजावं लागतं.

आणि दळण्याची गंमत अशी: जितका बारीक तितका फिका. गडद निळा हवा तर कण जाड ठेवावे लागतात. जाड कणांना डिंक पुरत नाही, थर जाडजूड आणि खरखरीत होतो, आणि तीन हजार वर्षांनी सगळ्यात आधी तोच गळतो. केसांचे निळे-काळे टोप आणि निळे मुकुट बहुतेक भिंतींवर खरवडल्यासारखे दिसतात. ती चोरी किंवा तोडफोडच असेल असं धरून चालू नका.

---

तळटीप

पूरक: निळा हिरवा दिसतोय म्हणजे मुळात हिरवाच होता असंही धरू नये. मिठाचा क्लोराइड तांब्याला भिडला की हिरवी क्लोराइडं तयार होतात. शिवाय डिंक किंवा राळेचा हात पिवळा पडला की खालचा निळा हिरवट वाटतो. अठराव्या राजवंशाच्या काही थडग्यांत चित्रावर राळेचं रोगण किंवा मेणाचा हात दिलेला आहे. तेव्हा चमक आली असेल, आज तीच जागा तपकिरी डाग झाली आहे.

---

मुशाफिर_७

थोडा वेगळा प्रश्न. एवढ्या खोल, काळोख्या खोल्यांत काजळी का दिसत नाही? मशाली लावल्या असत्या तर छत काळं व्हायला हवं. यूट्यूबवर एक जण सांगत होता की त्यांच्याकडे विजेचे दिवे होते.

---

ओळंबा

विजेच्या दिव्यांचा हिशेब कुठे सापडत नाही. वातींचा सापडतो. देर अल-मदिना हे थडगी बांधणाऱ्या कारागिरांचं गाव. तिथे चुनखडीच्या कपच्यांवर आणि खापऱ्यांवर रोजच्या नोंदी लिहिलेल्या आहेत, आणि त्यात कोठारातून किती वाती काढल्या, सकाळच्या पाळीला किती, दुपारच्या पाळीला किती हेही आहे. तागाच्या चिंध्या पिळून, तेल-चरबीत भिजवून केलेल्या वाती. वाटीतल्या छोट्या ज्योतीची काजळी मशालीपेक्षा पुष्कळ कमी, आणि जी धरली ती भिंतीवर रंगाचे पुढचे हात चढण्याआधी झाडता-पुसता येते. शिवाय काही थडग्यांत काजळी आहेच, फक्त ती नंतर तिथे राहिलेल्या लोकांच्या चुलींची.

याच नोंदींतून टोळीची रचना कळते. उजवी बाजू आणि डावी बाजू, प्रत्येकीला मुकादम, वर लेखनिक. दहा दिवसांचा आठवडा. मजुरी धान्यात: कारागिराला महिन्याला साडेपाच पोती (चार खपली गहू, दीड जव), मुकादमाला साडेसात. रामसेस तिसऱ्याच्या राजवटीच्या २९ व्या वर्षी धान्य थकलं तेव्हा लोक काम टाकून जाऊन बसले. तांब्याच्या छिन्न्या सरकारी. वजन करून द्यायच्या, बोथट झाल्या की वजन करूनच परत घ्यायच्या.

---

समासरेषा

रंग लावण्याचा क्रमही लिहून टाकतो.

कुंचले दोन जातींचे. बारीक काम लव्हाळ्याच्या देठाने, टोक तिरकं कापून दाताने चावून तंतू सुटे केलेले. मोठ्या जागांना खजुराच्या झाडाचे तंतू दुमडून दोरीने बांधलेली कुंचली. रंग कालवायला फुटक्या मडक्याची खापरी किंवा शिंपला.

रेखाटन पक्कं झालं की पार्श्वभूमी (निळसर राखाडी, पांढरी, नंतरच्या काळात पिवळी), मग एकेक रंग सपाट भरत जायचं. एका रंगाचं काम एका दमात: आज सगळे लाल, मग सगळे पिवळे. डिंकाचा रंग खापरीत पटकन वाळतो, प्रत्येक आकृतीसाठी नव्याने कालवत बसणं परवडणारं नाही, आणि छटाही जुळत नाही. पुरुषांची कातडी गेरूची, स्त्रियांची पिवळसर. तलम कपडा दाखवायचा तर कातडीच्या रंगावर पांढऱ्याचा पातळ हात, म्हणजे खालचा रंग गुलाबीसर झिरपतो. सगळ्यात शेवटी गडद लालसर रेषेने बाह्यरेखा पुन्हा ओढायची, कारण रंग भरताना पहिली रेषा बुजलेली असते. चित्राचा दर्जा ठरतो तो या शेवटच्या रेषेवर, आणि ती दुरुस्त करता येत नाही.

नेबामुनच्या शिकारीच्या चित्रातलं मांजर (आता ब्रिटिश म्युझियममध्ये) बघा. पिवळसर अंगावर आखूड फटकारे आणि ठिपके, केसांच्या दिशेने. डोळ्याला सोन्याचा वर्ख. याला चौकोन नाहीत.

आणि सेन्नेफेरच्या थडग्यात (टीटी ९६) छताचा दगड ओबडधोबड निघाला तेव्हा तो सपाट करत बसलेच नाहीत. त्या उंचवट्यांवर द्राक्षांचे घड रंगवले. कामचुकारपणा म्हणा किंवा अक्कल, छत मात्र खरंच लोंबतं.

---

मुशाफिर_७

नेफरतारीचं थडगं वाचवलं म्हणतात, ते नेमकं काय केलं? नवीन रंग दिला का?

---

तळटीप

नवीन रंग दिला नाही, हीच त्या कामाची मोठी बाब. थडगं १९०४ मध्ये स्कियापारेल्लीने शोधलं तेव्हाच गिलावा सुटत होता. दोषी मीठ. चुनखडीत आणि गिलाव्यात मुळातच साधं मीठ आहे. ओल आली की ते विरघळून पृष्ठभागाकडे सरकतं, ओल गेली की स्फटिक होतं. स्फटिक दगड आणि गिलावा यांच्या मधोमध वाढले तर अख्खा पापुद्रा ढकलून बाहेर काढतात. रंगाखाली वाढले तर रंग उडतो. भिंतीला लोणा लागतो तोच प्रकार, फक्त इथे गिलावा पुन्हा करता येत नाही.

गेटी कॉन्झर्व्हेशन इन्स्टिट्यूट आणि इजिप्तचं पुरातत्त्व खातं यांनी १९८६ ते १९९२ दरम्यान काम केलं, सुमारे ५२० चौरस मीटर चित्रांवर. आधी तातडीचा उपाय: सुटू पाहणाऱ्या पापुद्र्यांवर जपानी तुतीच्या कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या, म्हणजे काम सुरू होईपर्यंत ते पडणार नाहीत. मग पापुद्र्यामागचे मिठाचे खडे काढायचे, मागून गिलावा भरायचा, हलकेच दाबून परत दगडाला टेकवायचा. जुन्या डागडुज्या काढल्या. जिथे रंग गेलाय तिथे चित्र पुरं केलं नाही.

१९९५ मध्ये ते मर्यादित संख्येने लोकांसाठी उघडलं. मर्यादा का, तर श्वास आणि घामाची वाफ. मिठाला परत चालना द्यायला तेवढी पुरते.

तुतनखामुनच्या खोलीतले तपकिरी डाग हा वेगळा मामला. ते सूक्ष्मजीवांचे आहेत, १९२२ मध्ये थडगं उघडलं तेव्हाही होते, आणि जुन्या फोटोंशी ताडून पाहिल्यावर वाढलेले नाहीत. जीव मेलेले आहेत, पण डाग रंगाच्या आत मुरलेत, काढायला गेलात तर रंग निघेल. म्हणून तसेच ठेवलेत.

---

भुईचाफा

हातातल्या हातात एखादा नमुना करून बघायचा असेल तर? शाळेच्या कलावर्गासाठी हवं आहे.

---

ओळंबा

३५ सेंमी उंचीची फळी घ्या, तिला जाळी ठोका (नाहीतर माती धरणार नाही). चाळलेली माती दोन भाग, बारीक वाळू एक भाग, एक-दोन सेंमी तोडलेला पेंढा सुमारे एक भाग, सगळं मापाने. कालवून दोन दिवस झाकून ठेवा, पेंढा मऊ होतो. एक सेंमी जाड थर, सावलीत वाळवा. उन्हात ठेवला तर तडकणारच. त्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसचा पातळ हात. ते लगेच धरतं, म्हणून कालवायच्या पाण्यात थोडं सरसाचं पाणी घाला आणि एका वेळी वाटीभरच कालवा. मातीचा थर आधी किंचित ओलसर करा, नाहीतर तो पाणी ओढून घेतो आणि पांढरा हात भुकटी होतो.

आकृतीला दीड सेंमीचे १८ चौकोन, म्हणजे २७ सेंमी. वर टोपाला जागा उरते.

डिंक एक भाग, कोमट पाणी दोन भाग, रात्रभर भिजवून फडक्यातून गाळा. गेरू, पिवळी माती, काजळी आणि खडूची पूड एवढ्यावर भागतं. प्रत्येक रंग आधी कोपऱ्यात फराटा मारून वाळू द्या आणि बोट फिरवा. बोटाला रंग आला तर डिंक कमी. फराटा चकाकतो किंवा कडा वळतात तर डिंक जास्त, पाणी घाला. गेरूला कमी डिंक लागतो, काजळीला जास्त, आणि काजळी पाण्यावर तरंगते म्हणून ती आधी डिंकातच घोटायची.

हरताळ आणि मनशीळ मुलांच्या हातात देऊ नका, दोन्ही विषारी.

---

नीलचूर्ण

निळ्यासाठी तयार ‘इजिप्शियन ब्लू’ रंगसाहित्याच्या दुकानात मिळतो, पण त्या नावाने नुसती छटा जुळवलेले रंगही विकतात. ओळखायचा उपाय आहे. खरा स्फटिक दृश्य प्रकाश पडला की ९१० नॅनोमीटरच्या आसपास, डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त पट्ट्यात उजळतो. आतली अवरक्त-रोधक काच काढलेला कॅमेरा, पुढे ८०० च्या वरचाच प्रकाश सोडणारा फिल्टर, आणि खोलीत फक्त एलईडी दिवा. साधा बल्ब किंवा ऊन चालत नाही, त्यांत स्वतःचंच अवरक्त असतं आणि सगळं चित्र उजळून निघतं. खरा निळा असेल तर काळ्या पडद्यावर तेवढेच कण पांढरे दिसतील. भिंतीवरून डोळ्यांना पार पुसल्यासारखा वाटणारा निळाही याच रीतीने शोधतात.

---

भुईचाफा

जाळी कोंबड्यांच्या खुराड्याची चालेल का?

---

ओळंबा

चालेल, बारीक घराची घ्या. आणि फळीपासून अर्धा सेंमी वर राहील अशी ठोका, म्हणजे माती मागून धरते.